आधी पाहुण्या बैलाला

मावळातला माणूस पावसाला भितो तो जास्तीच्या. पाऊस कमी पडेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही. आंबीच्या भिमाजीचा घात झाला तो यानंच.

जर्मनची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी त्यानं तळेगावाहून पांढरं विलायती खत आणलं, कडवळाला, म्हणजे वैरणीच्या ज्वारीला घालायला. विकणाऱ्यानं बजावलं होतं, "पाऊस बघून थोडं थोडं घाला." भिमाजीनं बघितला तो आषाढातला धो धो पाऊस. निम्मं खत ओढ्याला जाणार, असा हिशेब करून त्यानं दुप्पट टाकलं, तेही एकदम. आणि मेल्या पावसानं नेमकी तेव्हाच पाठ फिरवली. कडवळ काळंभोर दिसायचं, पण वाढेना, दुपारी माना टाकायचं. अशा पिकात जहर साठतं हे गावात कुणाला माहीत होतं?

भिमाजीचा बैल एकच, तांब्या. जोडीतला दुसरा, मोऱ्या, डोंगरवाडीच्या सावित्राबाईचा. नवरा वारलेला, एक बैल आणि भाताची दोन खाचरं यांवर तिचं पोट. दोघांचा वारंगुळा होता. एकेकाचा बैल जोडून जोडी करायची आणि आळीपाळीनं दोन्ही घरची शेतं. रीत अशी की बैल ज्याच्या दावणीला, त्यानं आधी पाहुण्या बैलाला घालायचं, मग आपल्याला. भिमाजीची लावणी उरकली होती. सावित्राबाईची चिखलणी पावसासाठी अडली होती, म्हणून मोऱ्या अजून भिमाजीच्याच दावणीला होता, आणि तिची रोपं पिवळी पडत चालली होती.

घरचं वाळलं गवत संपलं तसं भिमाजीनं सकाळी कडवळ कापलं. रीतीप्रमाणं पहिला भारा मोऱ्यापुढं टाकला आणि तांब्यासाठी दुसरा कापायला गेला. परत येतो तो मोऱ्या थरथरत होता. बघता बघता कोसळला, धापा टाकू लागला. बायको लीलाबाईनं ताक पाजलं, गुळाचं पाणी पाजलं. मोऱ्यानं पाय ताणले ते ताणलेच.

निरोप गेला. सावित्राबाई डोंगर उतरून आली, बैलाच्या मानेवर हात ठेवून बसली. रडली नाही. तोवर सगळी आळी गोठ्यासमोर जमली होती.

"तांब्यानं काय खाल्लं व्हतं?" तिनं विचारलं.

भिमाजी म्हणाला, "त्याला... अजून घातलं नव्हतं, मावशी."

"आधी दुसऱ्याच्या बैलाला घालून बघितलं म्हना की," गर्दीतून कुणीतरी बोललं.

ज्या रीतीची लाज राखली तीच गळ्याशी आली! भिमाजीनं दुसरा भारा उचलला आणि तांब्यापुढं आपटला. "खा! मर तू बी! मंग तरी खरं वाटंल!"

लीलाबाई किंचाळली. तांब्यानं मान खाली घातली, पण त्याआधी सावित्राबाईनं भारा पायानं लोटला आणि बैलाचं दावं धरलं.

"येडा हाईस का? तू मानानं घातलंस, मला ठावं हाय. पर माजी रोपं जळाया लागली. म्या काय करू, सांग!"

 भिमाजीनं तांब्याचं दावं खुंट्यावरून सोडलं. "ह्यो घिऊन जा, मावशी. वाडीतल्या नवशाच्या बैलासंगं जुंपा."

"आन तू?"

त्यानं सुटलेलं दावं तिच्या हातात कोंबलं. आपला बैल चालला, पुढच्या साली जोडी कुठून आणायची? तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारून तिला परवडणार नव्हतं.

ती तांब्याला घेऊन निघाली तेव्हा पावसाला सुरुवात झाली. बांधावरून जाताना तांब्यानं कडवळाकडं तोंड वळवलं. तिनं दावं हिसकलं आणि मागं न बघता म्हणाली, "लीलाबाई, काळजी नगं करू. माज्याकडं बी पाव्हन्या बैलालाच आधी घालत्यात."

 भिमाजी विळा घेऊन भर पावसात कडवळात शिरला आणि कापून पायाखाली तुडवत सुटला.