कोठीतलं जेवण

रमजान आला की लोक पोरांच्या मागे लागतात, रोजा ठेवा म्हणून. आमच्या घरात उलटं होतं. रोजा ठेवू नका म्हणून आम्ही सगळे एका म्हाताऱ्या बाईच्या मागे लागलो होतो आणि तिने आमच्या नाकी नऊ आणले होते.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई, अम्माजान. त्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला होता. हैदराबादेत हुसैनी आलमच्या गल्लीत आमचं घर. दुपारी अंगणाच्या फरशीवर पाय टेकवत नसे. अम्माजानना साखरेचा आजार, गोळ्यांवर दिवस चाललेले. आदल्या वर्षी इफ्तारच्या आधी हौदापाशी कोसळल्या होत्या. शुद्धीवर आणता आणता डॉक्टर घामाघूम झाले. जाताना म्हणाले, "बेगमसाहेब, पुढच्या वेळी मला बोलावू नका. कबर खणणाऱ्याला बोलवा."

"तोही गल्लीतलाच आहे," अम्माजान म्हणाल्या. "लांबून यावं लागणार नाही."

आता काय बोलायचं या बाईपुढे?

अब्बाजान, म्हणजे माझे सासरे, स्वभावाने गरीब. रमजानचा चंद्र दिसायच्या आठवडाभर आधीपासून ते समजावत होते.

"अहो, आजाऱ्याला सूट दिलीय. ज्याला झेपतच नाही, त्याने रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घालावं. कुराणातच आहे हे."

"गरिबाला मी असंही घालते. ते रोज्यात कशाला घुसवता?"

"मी नाही घुसवलं, अल्लाहने घुसवलंय."

"मग त्याच्याशी मी बोलून घेईन. आयुष्यभरात एकही रोजा अंगावर बाकी ठेवलेला नाही मी. बाळंतपणातले फेडले, तापातले फेडले. आता म्हातारपणी दिवसाउजेडी तोंड हलवू?"

शेवटी अब्बाजाननी टोपी काढून बसायच्या लाकडी तक्तावर ठेवली. "ठीक. तुम्ही ठेवलात तर मी ठेवणार नाही. पाप तुमच्या माथी."

अम्माजान घाबरल्या त्या तेवढ्यालाच. कानांना हात लावून म्हणाल्या, "तौबा करा. जेवते मी. पण कोठीत जेवेन. कुणाच्या डोळ्यांसमोर नाही."

कोठी म्हणजे स्वयंपाकघरामागची धान्याची खोली. दाराला जाड पडदा. महिन्याच्या अडचणीत बाईला ना नमाज असते ना रोजा. ते रोजे मागाहून फेडायचे. तेव्हा घरातल्या बायका त्या दिवसांत दुपारी कोठीत शिरून चार घास खात. पुरुषांना कळू द्यायचं नाही. पहाटे सहेरीला सगळ्यांबरोबर बसायचं, संध्याकाळी सगळ्यांच्या आधी खजुराला हात घालायचा. सगळ्यांना सगळं ठाऊक आणि कुणालाच काही ठाऊक नाही, असा तो कारभार.

मी नांदेडहून लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच रमजानात माझी अडचण आली. सासऱ्यांच्या घरात खायचं कसं, या लाजेने मी उपाशीच राहिले. दुसऱ्या दिवशी अम्माजाननी माझे सुकलेले ओठ पाहिले आणि हाताला धरून कोठीत नेलं.

"दुल्हन पाशा," त्या म्हणाल्या. त्या घरात सुनेला असंच म्हणत, आणि रागावतानाही अहोजाहो सुटत नसे. "नमाज लोकांना दिसते. जकातीचं दान दिसतं. हजला निघालं की पोचवायला अख्खा मोहल्ला येतो. रोजा मात्र एकट्या त्यालाच दिसतो. माठाआड जाऊन घोटभर पाणी प्यायलं तर कुणाला कळणार आहे? म्हणूनच तो म्हणतो, रोजा माझा आहे, त्याचं फळ मी देणार. आणि तोच जर म्हणतोय की या दिवसांत ठेवू नका, तर तुम्ही उपाशी राहून कुणाला दाखवताय? सासऱ्यांना?"

असं म्हणून माझ्या हातात पराठा कोंबला होता त्यांनी. मी तो रडत रडत खाल्ला.

तर त्या मे महिन्यात अम्माजानचं ताट वाढायचं काम माझ्याकडे आलं. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, वाडगाभर ताक. त्या ताट घेऊन कोठीत जात, पडदा ओढत आणि रिकामं ताट घेऊन बाहेर येत. "अल्हम्दुलिल्लाह," म्हणून तोंड पुसत. मला बरं वाटे. पण बाई दिवसेंदिवस वाळत चालली. दुपार कलली की हात थरथरत आणि सगळ्या घरावर करवादणं सुरू होई. पंखा जोरात का, पंखा हळू का, हा ग्लास इथे कुणी ठेवला. मी एक भाकरी वाढवली. तीही संपायला लागली. डॉक्टरांनी गोळी बदलून पाहिली, पण उतार पडेना.

तब्येत सुधारत होती ती फक्त बकऱ्याची. बकरीदसाठी अब्बाजाननी आधीच आणून ठेवलेला, परसात बांधलेला. नुसता तुकतुकीत झाला होता. अब्बाजान शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवत. "याला म्हणतात पारख! आणला तेव्हा हाडांचा सापळा होता. चारा कळतो मला."

मग माझी अडचण आली. दुपारी दोन पराठे ओढणीत गुंडाळले आणि अम्माजान आटोपल्या असतील या हिशेबाने मी कोठीकडे गेले. पडद्याआडून आवाज आला.

"घ्या ना, लाजताय काय? अजून एक तुकडा घ्या. सावकाश. ठसका लागेल."

मला वाटलं, बाईने कुणा गरजू बाईला आत आणलंय. चला, देर आए, दुरुस्त आए म्हणतात ते हेच. मी पडदा बाजूला केला.

अम्माजान परसाच्या खिडकीशी उभ्या. गजांतून कोपरापर्यंत हात बाहेर, हातात भाकरी आणि पलीकडे बकऱ्याचं तोंड. खालच्या घमेल्यात ताक ओतलेलं.

बकरा निवांत चावत होता.

"तुमच्या ओढणीत काय आहे?" अम्माजाननी उलट मलाच विचारलं.

"पराठा."

"म्हणजे तुम्ही इथे खायला लपलात."

"आणि तुम्ही न खायला!" माझा आवाज चढला. "अम्माजान, तुम्ही लहान आहात का? गोळी घेता आणि जेवण बकऱ्याला? डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय?"

"हळू बोला. आता साऱ्या गल्लीला सांगा."

"सांगतेच. अब्बाजानना हाक मारते."

"नका मारू." आता त्यांचा आवाज उतरला. "त्यांचा रोजा जाईल माझ्यापायी." मग खिडकीकडेच बघत म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळायचं. भूक लागली की वाटतं, त्याचं लक्ष आहे माझ्याकडे. दुपारी जेवले की वाटतं, सगळं घर त्याच्या दारात उभं आहे आणि मला एकटीला बाहेर काढलंय."

मला रडू यायला हवं होतं, पण आला संतापच. इतक्या दिवसांच्या भाकऱ्या डोळ्यांपुढे आल्या.

"उभं राहा म्हणाला तेव्हा उभ्या राहिलात ना? आता बसा म्हणतोय तर बसा की! रोजा भुकेसाठी आहे की त्याच्या हुकमासाठी? याच कोठीत मला विचारलं होतंत, उपाशी राहून कुणाला दाखवताय म्हणून. आता तुम्ही सांगा. तुम्ही कुणाला दाखवताय?"

"कुणालाच नाही. लपूनच करतेय मी."

"स्वतःला दाखवताय."

त्या काहीतरी बोलायला वळल्या आणि त्यांचा तोल गेला. मी धरून तांदळाच्या पोत्यावर बसवलं. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. फळीवर इफ्तारसाठी धुऊन ठेवलेले खजूर होते. एक घेऊन त्यांच्या ओठांशी धरला.

"सूर्य अजून डोक्यावर आहे," त्या पुटपुटल्या.

"असू दे. त्यानेच पाठवलाय हा."

त्यांनी त्या खजुराकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता हा बकऱ्याला जाणार. मग डोळे मिटले, "बिस्मिल्लाह" म्हणाल्या आणि तोंड उघडलं. डोळ्यांतलं पाणी गालावरून आलं, ते मी पाहिलं नाही असं केलं. दुसरा खजूर त्यांनी स्वतःच घेतला. थोड्या वेळाने रंग परतला तसा माझा एक पराठाही ओढून घेतला, आणि दोन घास झाल्यावर कपाळाला आठी.

"याला मीठ नाही."

"रोज्याच्या घरात चाखणार कोण? अंदाजानेच घालतो आम्ही."

"मला विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन कोठीकडे निघाले तर अम्माजान दालनात तक्तावर मांडी घालून बसलेल्या. "इथे आणा." तेवढ्यात अब्बाजान मशिदीतून आले आणि दारातच थबकले.

"बघताय काय?" अम्माजान म्हणाल्या. "ज्याने ठेवायला सांगितलं त्यानेच नको म्हटलंय. जा, पंख्याखाली पडा." आणि मग माझ्याकडे वळून, सासऱ्यांच्या देखत, "दुल्हन पाशा, तुमचंही ताट आणा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. अब्बाजान भिंतीकडे तोंड करून टोपी झटकत राहिले. मी ताट काही आणलं नाही. एवढी हिंमत नव्हती. कोठीतच गेले. पडदा मात्र अर्धाच ओढला.

त्यानंतर ईदपर्यंत अम्माजाननी आम्हाला सळो की पळो करून सोडलं. दिवसा उघडपणे चाखू शकणाऱ्या घरात त्या एकट्याच, त्यामुळे प्रत्येक पातेलं आधी तक्तापर्यंत न्यावं लागे. हलीम अजून घोटा. डाळीच्या वड्यांत मिरची कुणी ओतली? सरबत आहे की पाक? आणि संध्याकाळी स्वतःच्या वाटणीचं इफ्तारचं ताट घेऊन त्या उंबऱ्यावर बसत, गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या गरीब, आंधळ्या रसूलबीपुढे ते ठेवून. अजान झाली की रसूलबी खजूर तोंडात घाली आणि अम्माजान तिच्या तोंडाकडे बघत राहत. मीठ बरोबर आहे का, हे तिलाही विचारत.

बकरा पुन्हा रोडावला. अब्बाजान चारेवाल्याशी भांडून आले.

आता साखर मलाही आहे. रमजानात दुपारचं ताट मी दालनातच घेते, सगळ्यांसमोर. सुनेच्या हाताला चव आहे, नाही म्हणत नाही मी. पण मीठ कमी घालते, आणि विचारत नाही.