आमच्या मुलीचं आम्ही बघू

कोर्टात आमच्या मुलीविषयी जेवढी माणसं बोलली, त्यातल्या बहुतेकांनी तिला पाहिलंही नव्हतं. उरलेल्यांनी पाहिलं होतं ते काचेतून. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा एवढा मोठा तांडा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही, आणि मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणजे न येणाऱ्या गोष्टीवर ठासून बोलणारी माणसं मला नवीन नाहीत.

आमची टिकली सहा वर्षांची. मेंदू हळूहळू निकामी करणारा आजार, औषध नाही. आधी चालणं गेलं, मग बोलणं, मग गिळणं, आणि हिवाळ्यापासून श्वाससुद्धा मशीनचा. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना एका खोलीत बसवलं. मऊ खुर्च्या होत्या आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. तो डबा पुढे सरकवत ते म्हणाले, "आता आपण तिचं जगणं लांबवत नाही आहोत, मरण लांबवतोय. श्वासाची नळी काढावी असं आमचं मत आहे."

"मत ठेवा तुमच्या खिशात," मी म्हणालो. "आमच्या मुलीचं आम्ही बघू."

बायको गप्प बसली होती. ती गप्प असली की तिला पटलंय असं धरून चालायची मला लग्नापासूनची सवय आहे.

मग हॉस्पिटलच कोर्टात गेलं. आईबाप ऐकत नाहीत, तर तुम्हीच ठरवा म्हणून. झालं, रिकामटेकड्यांना काम मिळालं. माझा मेहुणा, ज्याला त्याच्या घरात पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे हेही कोणी विचारत नाही, तो 'टिकली बचाव'चा अध्यक्ष झाला. त्याने टिकलीचा फोटो छापलेले टीशर्ट वाटले. फोटो दोन वर्षांपूर्वीचा, फुगा धरून हसणारा, कारण आत्ताचा बघवला नसता. कोर्टाच्या पायऱ्यांवर तीस-चाळीस पोटांवर माझी लेक ताणून बसवलेली असायची. बायका मला मिठ्या मारायच्या आणि मिठी सुटायच्या आत मोबाईल वर धरायच्या. कॅमेरा आला की मी माझं ते एकच वाक्य म्हणायचो आणि टाळ्या पडायच्या. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, वरून बरं दिसत होतं.

टिकलीच्या बाजूने बोलायला कोर्टाने एक वकीलबाई नेमल्या. त्या एकदा वॉर्डात आल्या, रंगवायचं पुस्तक घेऊन. जिचे डोळे उघडे असून तिला दिसत नाही अशा मुलीसाठी रंगवायचं पुस्तक! पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून त्या सगळा वेळ मशीनकडेच बघत होत्या, बहुधा तिथे आकडे होते म्हणून. दुसऱ्या दिवशी कोर्टात म्हणाल्या, "मी तिला भेटले, तिला जाणून घेतलं." माझ्या शेजारी बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावला.

आमचा वकील मात्र पट्टीचा. मी त्याला म्हटलं, "हे डॉक्टर रोज येऊन 'नळी काढा, नळी काढा' म्हणून डोकं खातात, त्यांची तोंडं बंद करा." त्याने लगेच जास्तीची मागणी जोडली. उपचार थांबवण्याबद्दल डॉक्टरांनी आईवडिलांना कसलंही मत देऊ नये. अगदी विचारलं तरी नाही. मी खूश होऊन त्याची पाठ थोपटली.

निकालाच्या दिवशी जजसाहेबांना सर्दी झाली होती. नाक पुसत पुसत ते म्हणाले की आईबापाच्या मायेवर शंका घ्यायला जागा नाही, निर्णय त्यांचाच, आणि वकिलांची दुसरी मागणीही मान्य. एवढं बोलून ते उठले आणि जेवायला गेले.

बाहेर एकच आरडाओरडा झाला. मेहुण्याने मला खांद्यावर घेतलं, कोणीतरी मिठाईचा खोका फोडला. मी मेहुण्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. लोकांना वाटलं आनंदाने.

माझ्या शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. नवशिका माणूस वळणावर बिनधास्त जातो तो अंगात कौशल्य आहे म्हणून नाही, शेजारी माझा पाय आहे म्हणून. इतके महिने मी तसाच सुटलो होतो. जज 'नाही' म्हणणार हे मी गृहीत धरलं होतं. मी शेवटपर्यंत लढलेला बाप ठरणार होतो, आणि टिकली सुटणार होती, पण दुसऱ्याच्या तोंडून. त्या नाक पुसणाऱ्या जजने हात झटकले आणि घोंगडं माझ्याच गळ्यात टाकलं. भेकड लेकाचा, असं मी मनात म्हटलं, आणि मेहुण्याच्या खांद्यावरून लोकांना हात हलवला.

हॉस्पिटलकडे परत जाताना गाडीत बायकोने विचारलं, "तुम्हाला खरंच जिंकायचं होतं?"

"मग काय हरण्यासाठी एवढी मरमर केली?" मी ओरडलो. ओरडून झाल्यावर मी काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं.

"मला हरायचं होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? सगळीकडे 'आम्ही', 'आम्ही' करत सुटला होतात. मी म्हटलं, असेल कोणीतरी दुसरी."

पुढचा सगळा रस्ता आम्ही गप्प होतो. या वेळी त्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावला नाही.

वॉर्डात नर्स टिकलीच्या नळीतला कफ ओढून काढत होती. त्या वेळी पोरीचा चेहरा आक्रसतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी येतं. डॉक्टर म्हणतात त्याला दुखणं म्हणता येईलच असं नाही. बायको रोज ते पाणी पुसते. मी त्या वेळी हटकून बाहेर फोनवर असायचो. आज बाहेर मेहुणा मिठाई वाटत होता, म्हणून आत थांबलो.

मोठे डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. "तोंडातली नळी आता जास्त दिवस ठेवता येणार नाही. गळ्याला छेद देऊन कायमची बसवावी लागेल. बसवायची का, हे तुम्ही दोघं सांगा."

"तुमचं मत काय?" मी विचारलं.

"मत द्यायला मला मनाई आहे."

"अहो, पण मीच विचारतोय ना! बाप विचारतोय."

"तुमच्याच वकिलांनी मागून घेतली आहे. विचारलं तरी नाही, असं लिहिलंय त्यात." त्यांच्या चेहऱ्यावर मी कुत्सित हसू शोधलं. एवढंसं जरी सापडलं असतं तरी मला फार आधार झाला असता. पण माणूस नुसता दमलेला होता. "काय होईल तेवढं सांगू शकतो. बसवली तर ती अशीच राहील, किती दिवस ते माहीत नाही. नाही बसवली तर आधी झोपेचं औषध देऊ. त्रास होऊ देणार नाही."

"नको," बायको म्हणाली. "आणखी एक भोक नको माझ्या पोरीला."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "दोघांचं एकमत हवं. नसेल तर पुन्हा कोर्टात जावं लागेल."

पुन्हा कोर्टात! मला एकदम हलकं वाटलं. वकील, तारखा, पायऱ्या, टाळ्या, आणि कदाचित या खेपेला जरा हिमतीचा जज. मी तोंड उघडणारच होतो. इतका वेळ ज्यांना ज्यांना मी नावं ठेवत आलो, त्यांतल्या एकालाही भेकडपणात माझी सर नव्हती.

बायकोने माझा चेहरा वाचला. "लाज वाटू द्या," ती हळूच म्हणाली.

मी टिकलीचं पाऊल हातात धरलं. ऊबदार होतं. मेलेल्या पोरीचं असावं तसं मुळीच नव्हतं, आणि त्याचाच मला राग आला.

"नको," मी म्हणालो.

मशीनच्या आवाजात डॉक्टरांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.