झिरो लावायचं राहिलं तर

चोवीस वर्षं मी या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसले. त्या काळात लोकांनी मला काय काय विचारलं ते लिहायला बसले तर वही पुरायची नाही. "बाई, फोन वाजतोय, उचलला तरी वाजतोच आहे." अहो, वाजतोय तो शेजारच्या टेबलावरचा. "बाई, मी बोलतो ते समोरच्याला ऐकू जात नाही." रिसीव्हर उलटा धरलाय, सरळ करा. आणि सगळ्यात लाडका प्रश्न, "बाई, बाहेर फोन लागतच नाही." झिरो लावलात का? "झिरो कशाला?" मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेर बोलायचं असेल तर आधी झिरो दाबायचा, वेगळा टोन आला की मग नंबर. मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. सगळे "हो हो" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे.

ऑपरेटरचा नंबर नऊ, म्हणून माझंही नाव नऊ नंबर पडलं. नवीन आलेला कुणी त्यावर हसला की मी सांगायची, बाबा रे, लोकांच्या नाकी नऊ आणते ती मीच.

कारखाना शर्टांचा. खाली कापड आणि कटिंग, पहिल्या मजल्यावर ऑफिस, दुसऱ्यावर इस्त्री, तिसऱ्यावर शिलाई. शिलाईत दोनशे दहा बायका. त्यातली एक माझी सख्खी नणंद, कॉलर लावते. घरीही माझ्याच उरावर आहे, पण ते जाऊ दे.

अकरा वर्षांपूर्वी इस्त्रीखात्यात आग लागली होती. मोठी नव्हती, पण मोठी व्हायला किती वेळ लागतो? इस्त्रीवाल्याने भिंतीवरचा फोन उचलला आणि अग्निशमन दलाचा तीन आकडी नंबर दाबला. झिरो लावला नाही. तोंडचं पाणी पळालेल्या माणसाला कसला झिरो आठवतोय! पण माझ्या नशिबाने मी आधीच लाइनवाल्याच्या मागे लागून एक करून घेतलं होतं. तो नंबर कुणी झिरोशिवाय दाबला तर घंटी माझ्या बोर्डावर वाजायची, आणि तीही लांब, थांबल्याशिवाय. मी उचलला, इस्त्रीवाला नुसता "बाई, बाई" करत होता. दुसऱ्या हाताने मी दलाला फोन लावला. गाडी वेळेत आली आणि चार गठ्ठे कापड सोडलं तर काही गेलं नाही. मला कुणी शाबासकी दिली नाही, मी मागितलीही नाही.

तर आता नवीन सिस्टिम आली. धाकट्या साहेबांनी आणली. थोरले साहेब म्हणजे त्यांचे वडील, कारखाना त्यांनी उभा केला, पण अलीकडे ते आठवड्यातून एकदा येतात. धाकट्यांना सगळं नवं लागतं. आता फोन केला की एक गोड आवाजाची बाई बोलते, विक्रीसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा. ही बाई पगार मागत नाही, रजा घेत नाही आणि उलट बोलत नाही. म्हणून माझा बोर्ड सोमवारी निघणार होता. मला स्टोअरमध्ये बटणं मोजायला पाठवायचं ठरलं होतं. त्याचं मला दुःख झालं नव्हतं असं नाही, झालंच होतं. पण मशीन आलं म्हणून रडणाऱ्यांतली मी नाही.

सिस्टिम बसवायला आलेला माणूस चाळिशीचा, मिशीवाला, कामाला चोख. त्याने सगळ्या एक्स्टेन्शन नंबरांची यादी माझ्या हातात दिली. म्हणाला, "बाई, नजर टाका आणि खाली सही करा. टेलिफोन विभागप्रमुखाची सही लागते, त्याशिवाय जुना बोर्ड काढता येत नाही." विभागात मी एकटी, तेव्हा प्रमुखही मीच. मी नजर टाकली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकट्या साहेबांच्या केबिनचा नवा नंबर म्हणजे अग्निशमन दलाचाच तीन आकडी नंबर.

"अहो भाऊ, हे काय?"

"साहेबांना लक्षात राहील असा सोपा नंबर हवा होता. यादीत हाच मोकळा दिसला."

मोकळा दिसणारच! चोवीस वर्षं मी तो कुणाला दिला नव्हता. का दिला नाही हे मात्र मी कुठे लिहून ठेवलं नाही, ती चूक माझी. माझ्या डोक्यात होतं ते मला वाटलं भिंतीवर लिहिलंय.

"म्हणजे झिरो न लावता कुणी दलाला फोन केला तर?"

त्याने मिशीवरून हात फिरवला. "साहेबांच्या केबिनमध्ये वाजेल."

"आणि साहेब नसले तर?"

"नंबर बदलायला दहा मिनिटं लागतील, पण साहेबांनी हो म्हणायला हवं," तो म्हणाला.

मी यादी घेऊन तडक केबिनमध्ये गेले. धाकटे साहेब खुर्चीत मागे रेलून नवा फोन न्याहाळत होते. मी सगळं सांगितलं. इस्त्रीखात्याची आगही सांगितली.

"बाई, प्रत्येक फोनवर स्टिकर लावतोय आपण. 'बाहेरच्या फोनसाठी आधी झिरो.' ठळक अक्षरात."

"आग लागल्यावर स्टिकर कोण वाचतं, साहेब?"

"शिकलेली माणसं वाचतात."

"नंबर बदला तुमचा. दहा मिनिटांचं काम आहे, मी त्यांना विचारलंय. तुमचा दुसरा करायचा आणि तो तीन आकडी नंबर झिरोशिवाय थेट बाहेर सोडायचा."

"या नंबरासकट माझी कार्डं छापून आलीत." त्यांनी खण उघडून गठ्ठा दाखवला. "शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत थोरल्यांसमोर सिस्टिम दाखवायची आहे. तोवर सही झाली तर स्टोअर. नाही झाली तर स्टोअरमध्येही माणसं भरपूर आहेत. विचार करा."

म्हणजे दोनशे दहा बायका एका बाजूला आणि कार्डांचा गठ्ठा दुसऱ्या! माझ्या ओठांवर जे आलं होतं ते मी गिळलं. दार मात्र जोरात लावलं.

घरी नणंदबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या कानावर सगळं आधीच आलं होतं. कारखान्यातली बातमी माझ्या बोर्डापेक्षा जोरात पळते.

"वहिनी, सही करून टाका. आपल्या दोघींच्या पगारावर घर चाललंय. कशाला साहेबाशी वाकडं घेता?"

"तुम्हाला काय, तुम्ही मशीनवर बसा आणि कॉलरी लावा."

"लावतेच आहे. एकोणीस वर्षं लावतेय. तुमच्यासारखं बसून नुसतं हॅलो हॅलो नाही केलं."

मग मी एकदम विचारलं, "समजा तुमच्या मजल्यावर आग लागली. कोपऱ्यातला फोन उचलला. काय दाबाल?"

त्यांनी शेंगेचं देठ मोडलं आणि मान वर न करता तीन आकडे सांगितले. नुसते तीन.

"आणि झिरो?"

"अगं बाई!" त्यांचा हात थांबला. "हो की. झिरो राहिलाच."

एकोणीस वर्षं! माझ्या घरात राहून, माझ्या हातचं जेवून, माझी बडबड ऐकून या बाईला झिरो आठवला नाही. मग बाकीच्या दोनशे नऊ जणींची काय कथा? आमचं दोघींचं पटत नाही, कधी पटलं नाही, पण ती वर धुरात उभी आहे आणि साहेबाच्या रिकाम्या केबिनमध्ये घंटी वाजतेय हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना.

"नाही करत सही," मी म्हटलं. "काय व्हायचं ते होऊ दे."

नणंदबाईंनी पुढची शेंग उचलली. "मग मीही नाही म्हणणार कुणाला की करा. पण भाजी उद्यापासून तुम्ही निवडायची."

शुक्रवारी सकाळी मी तीन कामं केली. शिलाईच्या सुपरवायझरबाईंना सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी अंगणात खाली असतील ना, एकही वर नको. गेटवरच्या वॉचमनला सांगितलं, पहिल्या मजल्याच्या पॅसेजमधली आगीची घंटा वाजली तर घाबरू नकोस, मी वाजवणार आहे. आणि अग्निशमन केंद्राला फोन करून सांगितलं, आमच्याकडे आज तपासणी आहे. झिरो लावून केला, अर्थात.

दुपारी मीटिंगच्या खोलीत सगळे जमले. थोरले साहेब मधल्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. धाकटे उभे. टेबलावर नवा कोरा फोन, त्यावर स्टिकर, ठळक अक्षरात. खोलीला लागूनच धाकट्यांची केबिन, दार उघडं. फोनचा स्पीकर चालू ठेवला होता, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. धाकट्यांनी गोड आवाजाची बाई ऐकवली, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर कॉल फिरवून दाखवला. थोरले मान हलवत होते. मी दाराशी उभी होते. सिस्टिमवाला माझ्याकडे बघून नजर चुकवत होता, कागद त्याच्या हातात होता आणि सहीची जागा कोरी.

मी हळूच पॅसेजमध्ये गेले आणि घंटेचं बटण दाबून धरलं.

काय आवाज होता! तशीच धावत आत आले आणि ओरडले, "साहेब! तिसरा मजला! फोन लावा, लवकर!"

धाकटे साहेब पांढरेफटक पडले. खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला त्यांची दया आली. ते टेबलावर झेपावले आणि त्यांनी बटणं दाबली. एक, दोन, तीन. स्टिकर त्यांच्या अंगठ्याखाली होता.

शेजारच्या केबिनमध्ये फोन वाजायला लागला.

मी घंटा सोडून आल्यामुळे आता तेवढाच आवाज होता. थोरल्यांनी मान वळवून उघड्या दाराकडे बघितलं. धाकटे हातातल्या रिसीव्हरकडे बघत राहिले. चार वेळा वाजला. मग स्पीकरवर ती गोड बाई आली, "आपण ज्यांना फोन केला आहे ते सध्या जागेवर नाहीत. कृपया आवाज झाल्यानंतर आपला निरोप ठेवा."

आणि टुक्क.

मी पुढे झाले, धाकट्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि निरोप ठेवला. "साहेब, तिसऱ्या मजल्यावर आग लागलीय. दोनशे दहा बायका वर आहेत. जिन्यात धूर भरलाय. तुम्ही जागेवर नाही असं कळलं. काही घाई नाही, सवडीने या."

रिसीव्हर ठेवला आणि सांगितलं, "आग नाहीये. बायका खाली जेवतायत. सगळ्यांना आधी सांगून ठेवलंय."

"तुम्ही... तुम्हाला आत्ताच्या आत्ता काढून टाकतो!" धाकटे ओरडले.

"टाका ना. पण मी सही करणार नाही, आणि माझ्या सहीशिवाय हा बोर्ड निघणार नाही. हवं तर मला उचलून गेटबाहेर ठेवा, मी गेटवर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीला सांगेन की आग लागली तर साहेबांच्या केबिनमध्ये निरोप ठेवा. तुम्ही स्वतः स्टिकर लावलात, साहेब, आणि स्वतः विसरलात. मी तुम्हाला हसत नाही. सगळेच विसरतात. मी एवढंच तर सांगत होते!"

माझा आवाज फाटला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मी पुसलंही नाही. थोरल्या साहेबांनी काठीने सिस्टिमवाल्याकडे खूण केली. त्याने आधीच लॅपटॉप उघडला होता. दहा मिनिटं म्हणाला होता, सहा लागली. मग त्याने झिरो न लावता ते तीन आकडे दाबले, आणि स्पीकरवर एक दमदार आवाज आला, "अग्निशमन केंद्र. बोला, कुठे?" मी पत्ता सांगितला, तपासणी आहे म्हणाले, आभार मानले. मग कागद ओढून घेतला आणि सही केली. स्टोअरची जागा मला मिळाली नाही, तेही सांगून टाकते. महिन्याअखेर मी घरी बसले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन.

पण त्या दिवशी सही झाल्यावर धाकटे दबक्या आवाजात सिस्टिमवाल्याला म्हणाले, "तो मघाचा निरोप आधी पुसून टाक."

"मला नाही येत, साहेब. तो तुमच्या पासवर्डनेच उघडतो. आणि पूर्ण ऐकल्याशिवाय पुसला जात नाही. तुम्हीच तसं करायला सांगितलं होतं, निरोप मिळालाच नाही असं कुणी म्हणू नये म्हणून."

धाकट्यांनी वडिलांकडे बघितलं.

"ऐक," थोरले म्हणाले. "स्पीकरवर."

धाकट्यांनी पासवर्ड दाबला. खिडकीतून खालच्या अंगणातल्या दोनशे दहा बायकांचा गलका वर येत होता, आणि त्या गलक्यात उभं राहून साहेबांनी तो निरोप शेवटपर्यंत ऐकला.