पाळ नसलेलं तळं

मुलगी द्यायची असली की आमच्याकडचे लोक आधी गाव पाहतात. पोरगा आंधळा का पांगळा, तो नंतरचा प्रश्न. पहिले तळं पाहतील, तळ्याची मातीची पाळ मजबूत आहे का ते पाहतील, शेवटच्या बांधीतल्या धानाले पाणी पोचते का ते पाहतील, विहिरीचं पाणी तोंडात घेऊन खळखळ चूळ भरतील, आणि मग म्हणतील, "हव, पोरगा चांगला आहे." ह्याच अकलेनं त्यांनी ब्याऐंशी साली माह्या लेकरांसाठी समुद्रकाठचं गाव पाहिलं.

मी उषा. सासर आंबागडजवळचं. सासू नाही, सासरे गोमाजी, त्यांना मी मामाजी म्हणते. आमचे हे, म्हणजे घनश्याम (घेतलं नाव, आता काय करता?), तुमसरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. राईस मिलच्या मागं आमची भाड्याची खोली. धानाचा कोंडा असा उडे की सकाळी झाडलेली गादी दुपारी पुन्हा झाडा. मोठी पोरगी रुखमा, पाच वर्षांची. धाकटा सोमा, अजून रांगत होता. रुखमा हे माह्या सासूचं नाव. त्यामुळे मामाजी नातीले नावानं हाक मारत नसत, "माय" म्हणत.

दिवाळी झाली की रुखमाची छाती वाजायले लागे. तुमसरात मिलची धूळ, गावी नेली तर खळ्याची धूळ आणि वरून तळ्यावरची थंडी. रात्र रात्र पोरगी भिंतीले टेकून बसे, खांदे वर-खाली, डोळे माह्याकडे. भंडाऱ्याच्या डॉक्टरानं पहिल्यांदा औषधं दिली, दुसऱ्यांदा सुया दिल्या, आणि तिसऱ्यांदा सरळ सांगितलं, "बाई, हिले धुळीतून आणि थंडीतून काढा. समुद्रकाठी थंडी पडत नाही. एखादं लहान गाव पाहा. पोरगी लहान आहे तोवरच न्या, नाही तर तुमच्या सासऱ्यासारखी जन्मभर उश्या रचून बसेल."

कारण मामाजींचंही तेच होतं. धान घरात आलं की त्यांचा दमा बाहेर येई. सावरीच्या कापसाच्या मोठाल्या उश्या, एकावर एक रचलेल्या, त्यावर छाती टेकून म्हातारा होळीपर्यंत बसल्या बसल्या झोपे. आडवा झाला की खोकला. पण हे काही दुखणं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "आमच्यात असंच असते," म्हणत.

आम्ही दोघांनी गाव निवडलं. कोकणातल्या डेपोंत जायले आमच्याकडचं कोणी तयार नसे, त्यामुळे मागितली की बदली मिळेल असं साहेबानं सांगितलं होतं. रत्नागिरी मोठं वाटलं, अलिबागले म्हणे खर्च फार. ह्यांच्या डेपोत वेंगुर्ल्याचा एक ड्रायव्हर होता. तो म्हणे, शाळा घरापासून चालत, बाजार आटोपशीर, पूस-माघात अंगावर चादर पुरते, घोंगडी लागत नाही. मले बाकी काही ऐकायचंच नव्हतं. घोंगडी लागत नाही, बस. ठरलं.

ठरलं म्हणजे माह्यापुरतं. आमच्या ह्यांची छाती बसखाली उताणं पडून नट ढिला करण्यापुरतीच. बापापुढं उभं राहिले की हे स्वतःच ढिले. कशीबशी गोष्ट काढली, तर मामाजी म्हणाले, "पाहिल्याशिवाय त्या गावाले लेकरं देत नाही."

जशी काही वेंगुर्ल्यानं मागणीच घातली होती!

झालं. पूस महिन्यात तिघं निघाले. एक मामाजी. दुसरे तुलाराम, आमच्या गावच्या तळ्याचं पाणी वाटणारे. ह्यांच्या हुकमाशिवाय बेडूकही तळ्यात उतरत नाही असा तोरा. तिसरे देवाजी, ज्यांनी आसपासची सगळी लग्नं जुळवली आणि त्यातली निम्मी भांडणंही मिटवली. तिघांपैकी कोणी नागपूरच्या पुढं गेलेला नाही. मी दशम्या बांधून दिल्या, लाखोळीच्या डाळीचे वडे दिले. मामाजींनी उश्यांचं गाठोडं चादरीत बांधून डोक्यावर घेतलं. सोयरीक पाहायले चालले का बाळंतपणाले, असं गावानं विचारलं. मी हसले नाही. माह्या पोरीचा श्वास ह्या तीन शहाण्यांच्या गाठोड्यात बांधून चालला होता. मले कायचं हसू येते!

आले परत आठवडाभरानं. आम्ही गावीच होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर अर्धं गाव जमलं. बायकांनी आत बसायचं, म्हणून मी चहा देऊन दाराच्या आड उभी राहिले. रुखमा माह्या पायाशी भिंतीले टेकून बसलेली. त्या दिवशी तिची छाती फारच वाजत होती. ओट्यावर कोणाले ऐकू आली नसेल, कारण तुलाराम बोलत होते.

"तळं मोठं आहे," तुलाराम म्हणाले. "नाही म्हणत नाही मी. पण पाळ नाही! अगा, एवढं पाणी आणि त्याले अडवायले वीतभर माती नाही. पाणी सोडायले तुडुम नाही, काही नाही. कोण राखते, कोण वाटते, पत्ता नाही. तोंडात घेतलं तर खारट. अशा पाण्यानं धान होते का?"

"नाही होत," ओट्यावरचे म्हणाले. भात पिकवायले चाललो होतो ना आम्ही!

"आन दुसऱ्या दिवशी सकाळी," देवाजी म्हणाले, "हा तुलाराम गेला काठावर, तर पाणी निघून गेलं. हा तिथूनच बोंबलत आला, तळं फुटलं! तळं फुटलं! कुदळ आणा, पोती आणा!"

"मग? म्हणू नये?" तुलाराम भडकले. "कालचं पाणी आज दिसत नाही, मग माणूस काय म्हणेल? तिथले लोक जाळी विणत बसले होते. कोणी उठलं नाही. हसले! गावाचं तळं फुटून राहिलं आन हे हसून राहिले. म्हणे, येईल सांजेले परत. असे बेफिकीर लोक. उद्या आपलं पोट्टं त्यात वाहून गेलं तर म्हणतील, येईल सांजेले परत."

सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणे किती बरोबर बोलले. मी दाराच्या आड दात खाऊन राहिले.

मग देवाजींची पाळी. देवाजींनी बाजारात उभं राहून विचारलं होतं की गावात बैलजोड्या किती. दुकानदार म्हणे, तुम्हाले मासे पाहिजेत का? देवाजींनी त्याचा अर्थ काढला की गावात बैल नाहीत आणि लोकांना लाज आहे. जेवण तर विचारूच नका. भात लाल आणि जाडा, एक एक दाणा मोजून घ्या. "आपण धान उकडून दुसऱ्या मुलखात पाठवतो, आन हे लोक घरचं धान उकडून स्वतःच खातात," देवाजी म्हणाले. आमच्या तुमसरच्या मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा, तांदूळ निघतो तो बाहेरच्यांसाठी. घरी खाणं म्हणजे हलकं काम. आणि भाजीत नारळ, डाळीत नारळ, माशातही नारळ. देवाले फोडायची वस्तू पोटात घालतात म्हणून देवाजींचा जीव कासावीस झाला होता. ताटात मात्र काही उरलं नव्हतं, हे तुलारामांनीच मधे सांगितलं.

मग मामाजी बोलले. घरचे मोठे, त्यांचा शब्द शेवटचा. बोलताना धाप लागत होती; थंडीत परत येऊन एकच दिवस झाला होता आणि उश्या पुन्हा छातीशी आल्या होत्या.

"खानावळीत झोपायची सोय वाईट," मामाजी म्हणाले. "खाटलं असं अरुंद की उश्या ठेवायले जागा नाही. पहिल्या रात्रीच घसरून खाली पडल्या. सकाळी पाहतो तर त्यावर मांजर झोपलेली. उगाच ओझं नेलं."

"आन हा घोरते किती!" तुलाराम म्हणाले. "मी कंटाळून पडवीत जाऊन झोपलो. तिन्ही रात्री."

"परतायच्या दिवशी तर सकाळची बस चुकली," देवाजी म्हणाले. "ह्याले हलवू हलवू थकलो, उठेच ना. दुपारपर्यंत बसून राहिलो त्या स्टँडवर. अशा गावात माणूस आळशी होते, मी सांगतो."

"तर गाव," मामाजी म्हणाले, आणि खोकले, आणि पुन्हा म्हणाले, "गाव नापसंत."

"नापसंत," ओटा म्हणाला. विडीचं बंडल निघालं. काम झालं.

माह्या हातातली चहाची किटली मी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर सावरला, तेवढी रीत पाळली. मग उंबरा ओलांडून बाहेर आले. तुलारामांची विडी तोंडातच राहिली.

"मामाजी," मी म्हटलं, "तुम्ही घोरले?"

"काय म्हणते ही?" देवाजी म्हणाले.

"घोरायले माणूस आडवा लागते. बसून बसून कोणी घोरत नाही. मामाजी, उश्या मांजरीखाली होत्या. मग तुम्ही कायवर झोपले?"

मामाजींनी हात छातीवर ठेवला.

"प्रवासाचा शीण असते सूनबाई," देवाजी समजावून सांगायले लागले, लग्न मोडायले आलेल्यांना सांगतात तसं. "थकला माणूस की..."

"शीण तिन्ही रात्री? आन इकडे परत आल्यावर शीण नाही? कालपासून पाहून राहिले मी, पुन्हा भिंतीले टेकून बसले आहेत. बाप्पा, तुम्ही तिघं डोळे घेऊन गेले का डोळे घरी ठेवून गेले? पाळ पाहिली, बैल पाहिले, नारळ पाहिला. जे पाहायले गेले होते ते तुमच्या बाजूले घोरत होतं आन तुम्ही उठून पडवीत गेले!"

आमचे हे कोपऱ्यात उभे होते. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. त्यांचाही मले संताप आला, पण तो राखून ठेवला.

आत रुखमा खोकली. खोकता खोकता तिची ती शिट्टी वाजली, श्वास आत ओढतानाची. आता ओटा गप्प होता म्हणून सगळ्यांना ऐकू आली. मामाजींनी मान वळवून दाराकडे पाहिलं. पोरगी भिंतीले टेकलेली, खांदे वर चढलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. मामाजीही तसेच बसले होते. हुबेहूब तसेच. आजा आणि नात एकमेकांकडे पाहत राहिले.

"गाव नापसंतच आहे," मामाजी शेवटी म्हणाले. "पण माय जाईल."

"अगा गोमाजी, आताच तर म्हटलं..." तुलाराम.

"म्हटलं ते म्हटलं. माय जाईल."

माघ संपायच्या आत बदली झाली. मी भांडी बांधली, गादी मात्र जाळून टाकली. जाण्याआधी मी मामाजींना साधं सांगितलं, तुम्हीही चला, दोन महिने तरी काढा. तर म्हणाले, लाखोळी उभी आहे बांधीत. मी म्हटलं, लाखोळी कापून या. तर म्हणाले, पाहू. हे पाहू कोणतं ते मले चांगलं माहीत होतं. चार माणसांत नापसंत केलेल्या गावात जाऊन राहायचं, म्हणजे नाक कुठं ठेवायचं? गावात लोक काय म्हणतील? लोक! ज्यांना भरती-ओहोटी कळत नाही, त्यांच्या तोंडाले भिऊन हा माणूस श्वास घेणार नाही.

तुमसर रोड स्टेशनावर सोडायले आले. सोबत तुलाराम होतेच. सकाळची थंडी, मामाजींचा गळा वाजत होता, आणि काखेत उश्यांचं गाठोडं. क्षणभर, खरं सांगते, मले वाटलं की येतात.

त्यांनी गाठोडं माह्यापुढं धरलं. "मायले घे. तिले लागतील तिथं."

"तिले नाही लागणार, मामाजी," मी म्हटलं. "तुम्हालेच लागतील."

"हव," ते म्हणाले, आणि गाठोडं पुन्हा काखेत घेतलं.

"डब्यात जागा आहे," मी म्हटलं. माहा आवाज चढला, चढू दे. "बसा ना. कायले मरता इथं?"

मामाजींनी मागं वळून पाहिलं. तुलाराम नळाशी उभे होते, आमच्याकडेच कान लावून. "मी नापसंत केलेलं गाव आहे ते," मामाजी हळूच म्हणाले, आणि मग रुखमाकडे वाकून, "माय, तिथं तळ्याले पाळ नाही. दुरूनच पाहायचं. पाणी गेलं तर घाबरायचं नाही, सांजेले परत येते."

गाडी हलली. आमचे हे रडत होते. मी रडले नाही, मी त्या म्हाताऱ्यावर इतकी चिडले होते की खिडकीचा गज सोडवत नव्हता. फलाटावर तो उश्या पोटाशी धरून उभा, तोंड उघडं, खांदे वर-खाली.

रुखमानं विचारलं, "आबाजी काहून नाही आले?"

"त्यांना गाव पसंत नाही पडलं," मी म्हटलं.