हाक न मारता

एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा उन्हाळा, निजामीचे शेवटचे दिवस. परभणीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे गोविंदराव बायकोला, विमलला, पोखर्णीला माहेरी पोचवायला निघाले होते. बैलगाडी त्यांचा गडी सटवाजी हाकत होता. निम्मी वाट सरली अन् मागं धुरळा उठला. हत्यारबंद घोडेस्वार! आदल्याच आठवड्यात असल्या एका टोळीनं शेजारचं गाव लुटलं होतं. विमल आडोसा शोधत इकडंतिकडं पाहू लागली.

तेवढ्यात तिला रस्त्याकडेच्या आखाड्यावर, शेतातल्या वस्तीवर, एक बाई दिसली. कडब्याच्या गंजीपाशी उभी राहून ती तळहात खाली करून बोटं आपल्याकडं ओढत होती, पुन्हा पुन्हा. ओरडली असती तर आवाज वाऱ्यानं मागं स्वारांपर्यंत नेला असता. सटवाजीनं काही न विचारता बैल वळवले.

बाईनं गाडी गंजीआड घेतली, बैलांच्या घुंगरमाळा काढून कडब्यात कोंबल्या. मग बाभळीच्या काटेरी फांद्यांचा फेसाटा ओढत चाकोरी पुसली अन् रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

"गाडी गेली का इकडनं?" स्वारांनी दरडावलं.

"गेली की. लय येळ झाला."

घोडे पुढं उधळले. विमल बाहेर आली ती थेट तिच्या पाया पडली. "तुमी तर आमाला वळखत बी न्हाई!"

"वळख काढायला येळ कुठं व्हता, माय?" बाई म्हणाली. मनकर्णा तिचं नाव.

पाण्याचा तांब्या रिता करून गोविंदरावांना जरा धीर आला. घरी ते विमललाही इंग्रजी शिकवत. म्हणाले, "विमल, यांनी हात केला ना, त्याला इंग्रजीत शब्द हाय. बेकन."

"म्हणजे खुणावणं?"

"खुणावून 'थांब' बी म्हणता येतं. हा 'ये' म्हणणाऱ्या खुणेचा शब्द. हातानं, मानेनं, कशानंही. इंग्रज तर 'लांबचा दिवा माणसाला बेकन करतो, डोंगर बेकन करतो', असंही लिहितात."

मनकर्णा खुदकन हसली. "सायबाच्या बोलीत माझ्या हाताला नाव हाय व्हय!"

दिवस कलल्यावर आडवाटेनं पुढं चालत तिनंच त्यांना पोखर्णीच्या शिवेपर्यंत सोडलं.

निजामी सरली. विमल सेलूला मुलींना इंग्रजी शिकवू लागली. धड्यात तो शब्द आला की आधी मनकर्णाची गोष्ट यायची, अर्थ मागून. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमी राहिला असता का तशा उभ्या, परक्यासाठी?"

विमलनं हातातला खडू खाली ठेवला.

"ठाव न्हाई, पोरी," ती म्हणाली. "तिच्यायेवढी छाती माझी असंल का, ते ठाव न्हाई."