हिरासिंगचे जोडे

बचनकौरच्या घरात तुरीच्या कोठीत, अगदी तळाशी, एक चुन्याची डबी होती. पितळेची, अंगठ्यापेक्षा जराशी मोठी. नऊ वर्षं ती तिथं होती, आणि नऊ वर्षं बचनकौर दर महिन्याला तुरीत दंडापर्यंत हात घालून ती जागेवर आहे ना, हे चाचपून बघत होती. बाई नेमाची होती. आंघोळ करून जपजी म्हटल्याशिवाय चूल पेटवायची नाही. पण या डबीचा विषय निघाला की तिच्या मनात दयामाया औषधालाही सापडत नव्हती. उगाच कशाला खोटं सांगा!

आता चुन्याची डबी म्हणजे काय मोठी चीज? आमच्या साखऱ्याच्या बाजारात कोणाच्याही खिशात हात घाला, निघेल. पाहुण्यापुढं पाण्याचा तांब्या नंतर येतो, तंबाखू आधी. पण बचनकौरचा तांडा वेगळा. आजोबांच्या वेळी निम्म्या तांड्यानं नांदेडला जाऊन अमृत छकलं, म्हणजे दीक्षा घेतली, आणि तो शीख झाला. अमृतधारी माणसाला तंबाखू म्हणजे केस कापण्याएवढाच मोठा गुन्हा. ज्याच्याकडं सापडली, त्याला पाच प्याऱ्यांपुढं, म्हणजे धर्माच्या पाच पंचांपुढं, हात जोडून उभं राहावं लागतं.

तसा उभा राहिला होता तिचा नवरा हिरासिंग. साल चौऱ्याण्णव, गुरुनानक जयंतीचा दिवस. कनेरगाव नाक्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, हात सोन्याचा आणि तोंडात शिवी नाही. त्या वर्षी पालखीपुढं अनवाणी चालणाऱ्या पाच जणांत संगतीनं, म्हणजे गुरुद्वाऱ्यात जमणाऱ्या भाविकांनी, त्याला निवडलं होतं. गुरुद्वाऱ्याच्या खोलीत सगळे पालखीचे पायघोळ चोले घालत होते, पिशव्या खुंटीला. हिरासिंगनं पिशवीतून चोला ओढला आणि त्याच्याबरोबर तंबाखूची पुडी अन् ही डबी खाली पडली, सगळ्यांसमोर, खणकन आवाज करून.

डबी हिरासिंगनं ओळखली. ओळखणारच, झाकण त्यानंच बसवलं होतं. अमृत घ्यायच्या आधी, पोरवयात, थोरल्या भावाच्या डबीचं झाकण हरवलं तेव्हा सायकलीच्या जुन्या घंटीचा तुकडा ठोकून. तो थोरला भाऊ, भावसिंग, गुरुद्वाऱ्याचा प्रधान, तिथंच दारात उभा होता. गुरुद्वाऱ्याचे धर्मगुरू, जथेदार, खोलीकडं येताना दिसले तशी त्यानं घाबरून खिशातली पुडी अन् डबी हाताला लागेल त्या पिशवीत कोंबली होती. हिरासिंगनं एकदा भावाकडं पाहिलं. मग हात जोडले.

"माझी हाय. चूक झाली," तो म्हणाला.

शिक्षा म्हणून चाळीस दिवस त्यानं संगतीचे जोडे पुसले. आणि भावसिंग पालखीपुढं त्याच्या जागी चालला, छाती काढून! पंचांनी डबी उकिरड्यावर फेकली होती. दुसऱ्या दिवशी शेण टाकायला गेलेल्या बचनकौरनं झाकणावरून ती दिराची म्हणून ओळखली, उचलून आणली आणि नवऱ्यापुढं आपटली.

"काहून गप बसलात तुमी?"

"बाप मेला तवा मी चार वर्षांचा होतो. ह्या माणसानं मला खांद्यावर घेऊन वाढवलं," हिरासिंग म्हणाला. "मी जिता हाय तवर तू बोलायचं न्हाई. शपथ हाय माझी."

तिनं दातओठ खाऊन शपथ पाळली. पण दोनच वर्षांत वाशिम रोडवर एका ट्रकनं हिरासिंगला उडवलं. अंतिम अरदासला, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेला, सारा तांडा जमला. भावसिंग उठला, डोळे पुसले, आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, "माझा भाऊ मनाचा साफ होता. एकदा भुलला. गुरूनं त्याची तंबाखूची चूक पोटात घालावी."

बचनकौरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसाच्या छातीवर आपलं पाप ठेवून वरून त्याच्यासाठी माफी मागतो! नवरा गेला होता, शपथही त्याच्याबरोबर गेली होती. ती तेव्हाच बोलू शकली असती. पण डोळे सुजलेल्या विधवेचं कोण ऐकणार? तिनं ओढणी दातात धरली आणि मनाशी गाठ मारली. ज्या संगतीत माझ्या माणसाचं नाव बुडालं, त्याच संगतीत ते वर काढीन. आणि काढीन तेव्हा ह्याचं तोंड वर राहणार नाही.

त्यात पोराचं झालं. विकासला शाळेत पोरं 'तंबाखूसिंगचा' म्हणून चिडवायची. सतराव्या वर्षी तो हिंगोलीला शिकायला गेला आणि केस कापूनच परत आला, डोक्यावर टोपी घालून. बचनकौरनं तीन दिवस अन्न घेतलं नाही.

"बापूनं ठेवले होते नं केस? काय भेटलं त्याला?" एवढंच तो म्हणाला. तिनं तेही भावसिंगच्याच नावावर टाकलं.

दोन हजार तीनच्या जुलैमध्ये भावसिंगच्या लेकीचं, दिपाचं, लग्न निघालं. मुहूर्त पाहायची चाल नाही, म्हणून पेरण्या उरकल्याबरोबर तारीख धरली. सोयरीक नांदेडची, घरचे सगळे कडक अमृतधारी. घरात कोणी तंबाखूचं नाव काढलं तर चूळ भरतील असले. बचनकौरनं कोठीतून डबी काढली आणि चिंच लावून लख्ख घासली.

विकास हिंगोलीहून आला होता. मोबाइलच्या दुकानात कामाला लागला होता तो. त्यानं डबी पाहिली.

"काय करून राहिलीस, आई?"

"लंगरात मी वाढणार. भाऊजी व्याह्याजवळ बसले की ही त्यायच्या थाळीत टाकणार, अन् कोणाची हाय ते मोठ्यानं सांगणार."

"अन् दिपाचं? तिनं काय केलं तुझं?"

बचनकौरनं डबी ओढणीच्या टोकात बांधली. दिपानं काय केलं होतं, हे तिला चांगलंच माहीत होतं. हिरासिंग गेल्यावर वर्षभर ती पोरगी रोज सकाळी बापाची नजर चुकवून चहाचा गिलास घेऊन यायची. आणि गेल्या महिन्यात तिनंच भोळेपणानं सांगितलं होतं, "काकी, बाबांचं तोंडच उघडत न्हाई आजकाल. एक बोट कसंबसं जातं. भाकर चुरून द्यावी लागते. दाढ दुखते म्हणतात." बचनकौर काय समजायचं ते समजली. प्रधानसाहेबांनी तंबाखू अजून सोडली नव्हती.

लग्न सकाळी लागलं, ग्रंथसाहिबाभोवती चार लावा, म्हणजे फेरे, झाल्या, आणि लंगरची पंगत बसली. भावसिंग बसायला तयार नव्हता. मी सेवा करतो, मी नंतर बसतो, असं त्याचं चाललं होतं. बचनकौर रोट्यांची टोपली घेऊन पुढं झाली.

"भाऊजी, व्याही वाट पाहून राहिले. बसा नं," ती गोड आवाजात म्हणाली. सात वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. भावसिंग दचकला. तेवढ्यात व्याह्यानं हात धरून त्याला शेजारी बसवलंच.

ओळीनं रोट्या वाढत ती पुढं सरकत होती. लंगरात रोटी मागणारा दोन्ही हातांची ओंजळ पुढं करतो आणि वाढणाऱ्यानं वरून ती ओंजळीत ठेवायची असते. वाढताना माणसाचं तोंड बघायचं नाही, हात बघायचे, असं हिरासिंग सांगायचा. बचनकौर मात्र तोंडच बघत येत होती. नऊ वर्षं ज्या तोंडाची वाट पाहिली ते आता दहा माणसांवर आलं होतं, मग पाच, मग दोन. डबी रोट्यांच्या खाली तिच्या बोटांना लागत होती. खरं सांगायचं तर तिला मजा वाटत होती.

भावसिंगनं ओंजळ पुढं केली. शेजारी व्याही हसत म्हणाला, "प्रधानजी, केव्हापासून नुसती दाल बोटानं चाटताय. तब्येत बराबर नाही का?" समोरच्या बायकांच्या ओळीत लाल ओढणीतली दिपा बसली होती. काकीला बघून ती हसली आणि आपलीही ओंजळ तिनं दुरूनच पुढं केली, लाडानं, मला कधी देतेस म्हणून.

बचनकौरच्या ओठांवर आलेलं नाव तिथंच अडलं. तिला दिपाचा राग आला, स्वतःचा आला, मेलेल्या नवऱ्याचासुद्धा आला. काय ही माणसं, धड सूडही घेऊ देत नाहीत! ती गुडघ्यावर वाकली. रोटी ओंजळीत ठेवली, आणि रोटीखाली डबी.

पितळ तळहाताला लागल्याबरोबर भावसिंगचा चेहरा पांढराफटक पडला. झाकणावर अंगठा फिरवून त्यानं ओळखलं. बचनकौर टोपलीतल्या रोट्या सारख्या करत हळूच बोलली, "पोरगी सुखानं वाटंला लागू द्या. रविवारी संगतीपुढं उभं राहायचं अन् ही कोणाची ते सांगायचं. न्हाई सांगितलं, तर सोमवारी पहिल्या गाडीनं मी नांदेडला, तुमच्या व्याह्याच्या दारात."

मग मान वर करून ती व्याह्याला म्हणाली, "दाढ दुखते त्यायची. चुरून खातील." आणि पुढच्या माणसाला रोटी वाढली.

रविवारी गुरुद्वारा भरला. पाठ झाला, कीर्तन झालं. भावसिंग खाली मान घालून बसला होता. बचनकौरनं येताना कापडी पिशवीत एक लुगडं भरूनच आणलं होतं, सोमवारच्या गाडीची तयारी. प्रसाद वाटायची वेळ आली तरी तो हलेना. ती पिशवी उचलून उठणार, तेवढ्यात तो भिंतीला धरून उभा राहिला. हातात डबी होती.

"ही माझी हाय," तो म्हणाला. तोंड उघडत नसल्यामुळं शब्द चेपून येत होते, पण सगळ्यांना कळले. "चौऱ्याण्णव सालीबी माझीच होती. हिराचा काही गुन्हा न्हाई. त्यानं माझ्यासाठी जोडे पुसले."

बायकांच्या बाजूनं तांड्यातली एक म्हातारी, रुक्माबाई, मोठ्यानं रडायला लागली. जथेदारांनी अरदास केली आणि हिरासिंगचं नाव घेऊन, तो निर्दोष होता, असं तीनदा म्हटलं. बचनकौरनं तीनही वेळा मोजलं. पाच प्याऱ्यांनी भावसिंगला प्रधानकीवरून काढलं, पुन्हा अमृत घ्यायला सांगितलं, आणि चाळीस दिवस जोड्यांची सेवा लावली.

तुम्ही म्हणाल, झालं, नाव मिळालं, आता बाईनं माफ करावं. माफ करते ती बचनकौर कसली! पावसाळ्याचे दिवस, काळी माती. ती घरून चांगल्या वाटेनं न येता मुद्दाम नांगरलेल्या रानातून यायची. चपलेला शेरभर चिखल घेऊन ती भावसिंगपुढं उभी राहायची, एक पाय काढायची, मग सावकाश दुसरा. तो खाली बसून काडीनं चिखल काढायचा, फडक्यानं पुसायचा. ती उभी राहून बघायची. एकोणचाळीस दिवस एकही चुकवला नाही.

चाळिसाव्या दिवशी विकास आला, केस कापलेल्या डोक्याला रुमाल बांधून. हातात बापाचे दुकानातले बूट होते. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी वरचं कातडं जागोजाग जळालेलं, टाचेला कनेरगावची वाळलेली माती. बचनकौरनंच माळ्यावरून काढून दिले होते. तिनं ते विकासच्या हातून घेतले आणि भावसिंगपुढं ठेवले.

भावसिंगनं ते ओळखले. मग त्यानं एक बूट मांडीवर घेतला, आणि फडकं सोडून आपल्या पगडीच्या टोकानं पुसायला लागला. पुसता पुसता तो रडत होता, दाढीतून पाणी बुटावर पडत होतं. विकासनं तोंड फिरवलं.

बचनकौरला वाटलं होतं, आज छातीत गार पडेल. पडलं नाही. बूट पुसले गेले, पण घालणारा काही येणार नव्हता. तिचेही डोळे भरले, आणि ते भावसिंगला दिसू नयेत म्हणून ती खाली वाकली. दुसरा बूट उचलून तिनं उलटा केला आणि त्याच्यापुढं धरला.

"टाचेला राहिलंय, भाऊजी," ती म्हणाली. "नीट पुसा."