आतून गुलाबी

बशीतला तुकडा कडेनं करडा, मधे मात्र गुलाबी – आणि त्या गुलाबीतून पाझरलेलं पाणी बशीच्या उतारावर येऊन थांबलेलं... तिच्या तोंडाला पाणी सुटलं, पण ओकारीआधी सुटतं तसलं. तिच्या लेकाच्या, ढब्बूच्या अंगात रक्त कमी आहे, असं डॉक्टर म्हणाले काय, सासूबाईंना तेवढं निमित्त पुरलं. त्यांनी कलेजी आणली होती.

"जास्त शिजवली की चामडं होतं गं तिचं," तुकडा बोटांनी कुस्करत त्या म्हणाल्या. "सगळी ताकद उडून जाते."

मांस तपासणं ही तिची नोकरी. गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवा, नाहीतर जंतू आत तसेच राहतात – हे कत्तलखान्याच्या भिंतीवर तिनंच चिकटवलेलं. सकाळचं यकृत डोळ्यांपुढून हलेना... आकड्याला टांगलेलं, तुकतुकीत, नुकतंच न्हाऊ घातल्यासारखं. "बाई, हिला कशाला चिरता? तोंडावरूनच पास आहे," खाटीक म्हणाला होता. तिनं पित्ताची नळी उभी चिरली, अंगठ्यानं दाबली, आणि चपटे, पानासारखे किडे एकमेकांना चिकटलेले सावकाश बाहेर घसरले. कुणी विकू नये म्हणून निळा रंग ओतून तिनं ते अख्खं यकृत फेकायला लावलं. मग दुपारचा डबा उघडलाच नाही. हात कितीदा धुतले, तरी नखांच्या कडेला तो वास, आणि त्याच हातांनी संध्याकाळी लेकराला छातीशी... बिचारं निमूट प्यायलं.

सासूबाईंनी घास उचलला, तशी तिनं बशी ओढली. दुसरा तुकडा सुरीनं शिरेवर उभा चिरला, अंगठ्यानं दाबला, वाकून पाहिलं. हात आपल्या सवयीनं चालले होते. ते लक्षात आलं तेव्हा सासूबाईंचा घास हवेतच थांबला होता.

"माझ्या हातचं तपासतेस होय?"

"तसं नाही आई... थोडं अजून शिजवते. कच्चं बाधेल त्याला."

"दिवसभर मीच भरवते की. तेव्हा कोण येतं तपासायला?" घास परत बशीत टाकत त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "अन् आज काय पहिल्यांदा खातोय?"

सुरी तिच्या हातातच राहिली. म्हणजे आधीही... किती वेळा? ती तिकडे दुसऱ्यांची यकृतं चिरत असताना? ढब्बू तिच्याकडे बघतच नव्हता. तो बशीकडे झुकलेला, इवलं तोंड आ केलेलं, हनुवटीवर लाळेची तार – ओळखीच्या चवीकडे झुकावं तसा. वरणभाताला रोज तोंड फिरवणारं हे पोर...

तिनं बशी उचलून तुकडे तव्यावर टाकले, तवा शेगडीवर ठेवला. ढब्बूनं भोकाड पसरलं. सासूबाईंनी त्याला कडेवर घेतलं, आणि तो त्यांच्या खांद्याला, पदराला, बरबटलेल्या बोटांना लुचत शांत झाला. गुलाबी हळूहळू करडं होत होतं. तिला किळस येत होती – कलेजीची नव्हे, जंतूंचीही नव्हे. त्या बोटांचा हेवा वाटला, याची.